दोरीकाकांची नवी गाठ

विमानाचं तिकीट काढल्याची बातमी दोरीकाकांनी इमारतीत फक्त एका माणसाला सांगितली, आणि तीही 'कुणाला बोलू नका' असं बजावून. त्यामुळे संध्याकाळच्या आत ती गच्चीपासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळली. गुपित सांगायला माणूस कसा निवडावा हे काकांना नेमकं ठाऊक होतं. गाजावाजा त्यांना मनातून हवाच होता, फक्त तो आपण केला असं दिसायला नको होतं.

काका रेकॉर्ड खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि गाठी मारणं हा त्यांचा छंद. आता माणसं तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, काड्यापेट्यांची कव्हरं जमवतात, त्यांना कुणी हसत नाही. गाठी मारतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग 'कशाला?' असं विचारतात. काकांच्या घरी पडद्यांना वेगळी गाठ, किल्ल्यांच्या जुडग्याला वेगळी, रद्दीच्या गठ्ठ्याला आणखी वेगळी. काकूंना साखरेची पिशवी उघडायची झाली तरी नवऱ्याला हाक मारावी लागे. नवऱ्याला घरात ठेवायची ही एक चांगली युक्ती आहे, असं त्या शेजारणींना सांगत, पण ते हसून नव्हे.

गाठप्रेमींचं एक मंडळ आहे. खरंच आहे. दर तीन वर्षांनी त्याचं अधिवेशन भरतं, यंदा विमानानेच जावं इतक्या लांबच्या गावी, आणि त्यात संध्याकाळी पाच वाजता नव्या गाठींची परीक्षा होते. कुणी नवी गाठ शोधून काढली असेल तर ती चारचौघांसमोर बांधायची, परक्या माणसांनी ती ओढून, खेचून, हिसडून बघायची, आणि शेवटी बांधणाऱ्याने एकट्याने, नुसत्या हातांनी ती सोडवायची. सुरी नाही, कात्री नाही, दात लावणं तर नाहीच नाही. एका तरी परीक्षकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिलं की गाठ पास. मग तिला त्या माणसाचं नाव मिळतं. काकांनी एक गाठ शोधली होती. कुठूनही ओढा, आणखी घट्ट बसते, पण आतला एक छोटा पेड चिमटीत धरून वळवला की सगळी अलगद मोकळी होते. तीस-बत्तीस वर्षं काकांनी सरकारी कागदांचे गठ्ठे बांधले, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर नाव साहेबांचं. आपल्या हातच्या एका तरी गोष्टीला आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, काकूंनासुद्धा नाही. काकूंना अर्थातच माहीत होती.

बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे मास्तर आयुष्यात दोनदा विमानात बसल्याचं सांगत, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. दोन बॅगा नेऊ नका, एकच न्या, दोन नेल्या की एक हरवते, असं त्यांनी सांगितलं. एकच नेली आणि तीच हरवली तर, असं काकूंनी विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले की वहिनी, असं अशुभ बोलू नये. खालच्या मजल्यावरच्या ताई आपल्या बहिणीसाठी एक रजई घेऊन आल्या. बहीण अधिवेशनाच्याच गावात राहते, रजई अगदी हलकी आहे, हवेसारखी, असं त्या म्हणाल्या. हलकी होती हे खरं. पण हवेसारखी म्हणजे ती हवेइतकीच जागा व्यापत होती. बॅगेत आधीच काकांचं प्रदर्शनाचं सामान होतं. लोखंडी कड्या, आकडे, लाकडी खुंट्या, दोरखंडाची वेटोळी. त्यावर कपडे, आणि त्यावर रजई. काका बॅगेवर बसले, मग काकू बसल्या, मग मास्तर बसले, तेव्हा कुठे चेन लागली. नाही म्हणायचं धैर्य नसलेल्या माणसांच्या बॅगा अशाच असतात.

जायच्या दिवशी विमान दुपारी एकचं होतं आणि परीक्षा त्याच दिवशी पाचला. मास्तरांनी तीन तास आधी पोचा म्हटलं म्हणून काकांनी सुरक्षिततेसाठी काकूंसह चार तास आधी घर सोडलं. विमानतळावर रांगेत त्यांच्या मागे कोण उभं असावं? वकीलसाहेब. मंडळाचे जुने सभासद आणि तीन परीक्षकांपैकी सगळ्यात कडक. गेल्या अधिवेशनात त्यांनी एका डॉक्टरची गाठ नापास केली होती, कारण सोडवताना डॉक्टरने एकदा खिशाकडे हात नेला होता. खिशात काही नव्हतं, तरीही.

वकीलसाहेबांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "ऐकलं, यंदा तुमची नवी गाठ आहे. बघू. नव्या गाठी बांधल्या छान जातात, अडतात त्या सोडवताना. आणि जी सोडवता येत नाही ती गाठ नव्हे, गुंता." काका हसले आणि उगाचच रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

काउंटरवरच्या मुलीने बॅग वजनाला ठेवायला सांगितली, हँडलला चिठ्ठी चिकटवली, आणि त्याच क्षणी बॅगेची चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेली. रजई बाहेर आली. थोडी थोडी नाही, सगळी. जणू ती घरून निघाल्यापासून याच क्षणाची वाट पाहत होती. मागची रांग पुढे वाकून बघू लागली. मुलगी म्हणाली की बॅग बंद केल्याशिवाय घेता येणार नाही, पलीकडे प्लास्टिकने गुंडाळून देणारा माणूस आहे, तिकडे जा.

प्लास्टिकने गुंडाळून, आणि तेही वकीलसाहेबांसमोर? काकांनी खिशातून दोरी काढली. काकांच्या खिशात दोरी असतेच, लोकांच्या खिशात रुमाल असतो तशी. काकूंनी दबक्या आवाजात सांगितलं की अहो, साधी गाठ मारा आणि चला, लोक थांबलेत. 'साधी' हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. काकांनी मागे वळून वकीलसाहेबांकडे एकदा पाहिलं, बाह्या सरसावल्या, आणि बॅगेला चहूबाजूंनी दोरी घेऊन, वर बरोब्बर मधोमध आपली नवी गाठ बांधली. इतक्या सफाईने बांधली की काउंटरवरची मुलगी पाहत राहिली. वकीलसाहेब चष्मा वर करून बघत होते. चष्मा खाली घ्यायला त्यांना वेळ लागला, आणि काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. या सगळ्या कौतुकात हँडलवरची चिठ्ठी दोरीच्या वेढ्याखाली कुठे दबून गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. बॅग पट्ट्यावरून डुलत डुलत आत गेली. काकांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

इथवर सगळं छान होतं. एक वाजला, विमान सुटलं नाही. दोन वाजले, पाटीवर 'उशीर' असा शब्द आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पहिला तासभर माणसं सुशिक्षित असतात, एकमेकांकडे बघून नुसती हसतात. दुसऱ्या तासात ती आपापल्या ओळखीच्या मोठ्या माणसांना फोन लावतात, आणि तिसऱ्या तासात बूट काढतात. काका मात्र घड्याळ बघत होते. विमानाला सव्वा तास लागतो, तिथून सभागृह अर्धा तास. अजून पोचू. मग दहा मिनिटांनी पुन्हा तोच हिशोब, पुन्हा अजून पोचू, पण आवाज जरा बारीक. काकूंनी बिस्किटं पुढे केली, ती त्यांनी नाकारली. काकांनी बिस्किट नाकारलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे काकूंनी ओळखलं.

तेवढ्यात घोषणा झाली. दोरीचा गुंता असलेली, चिठ्ठी नसलेली एक तपकिरी बॅग सापडली आहे, ज्या प्रवाशाची असेल त्याने सुरक्षा कक्षात यावं.

काकू म्हणाल्या, "अहो, आपली तर नाही?"

हा घाव काकांच्या वर्मी बसला. नवरा-बायकोत माणूस पुष्कळ ऐकून घेतो. स्वयंपाकातलं कळत नाही, खरेदीतलं कळत नाही, माणसांतलं तर कळतच नाही, हे सगळं काकांनी ऐकून घेतलेलं होतं. पण गुंता? आणि आपल्या बॅगेला चिठ्ठी लावलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ते शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांकडे वळून म्हणाले की पाहिलंत, असे लोक असतात बघा, दिसेल ती दोरी घ्यायची, कशीही गुंडाळायची, आणि विमानात टाकायची. वकीलसाहेबांनीही मान डोलावली. दोरी हाताळायचा परवाना असायला हवा, असं ते म्हणाले. मग दोघांचं त्या अज्ञात माणसाबद्दल बराच वेळ एकमत झालं. तो बहुधा व्यापारी असावा असं काकांचं मत पडलं, कारण कारकुनाच्या हातून असं होणं शक्य नाही. घोषणा आणखी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा काकांनी तोंडाने 'च्च्' असा आवाज काढला.

साडेतीन झाले तसा लोकांचा धीर सुटला. कुणीतरी म्हणालं, जाब विचारला पाहिजे. जाब विचारायला पुढे कोण होणार म्हटल्यावर जो तो छताकडे बघू लागला. एरवी काका अशा वेळी बुटाची लेस बांधतात. पण आज समोर घड्याळ होतं आणि घड्याळात पाच वाजायला निघाले होते. ते उठले. वकीलसाहेब कायद्याच्या बाजूने त्यांच्याबरोबर उठले, त्यांच्यामागे आणखी माणसं, आणि सगळ्यात मागे काकू, कारण काका रागावले की चष्मा कुठेतरी विसरतात.

मॅनेजर हा एक दमलेला, सभ्य माणूस होता. त्याने सांगितलं की साहेब, विमान तयार आहे, वैमानिक तयार आहे, हवा चांगली आहे, अडचण फक्त एका बॅगेची आहे. मशीनमध्ये घातली तर आत लोखंडी आकडे आणि कड्या दिसतात. कुणाची ते कळत नाही. मालक सापडल्याशिवाय ती ठेवताही येत नाही आणि नेताही येत नाही. कुत्र्याला आणून हुंगवली, तर तो तिच्यावर डोकं ठेवून झोपला, आत काहीतरी मऊ असावं. उघडायची म्हटलं तर तो गुंता कुणालाच सुटत नाही. कापा की मग, असं वकीलसाहेब म्हणाले. यावर मॅनेजरने कसंनुसं हसून सांगितलं की सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला कात्री आणायला बंदी आहे. लोकांकडून काढून घेतलेल्या ढीगभर कात्र्या एका कुलूपबंद पेटीत आहेत, पण पेटीची किल्ली ज्या साहेबांकडे असते ते शहरात बैठकीला गेलेत.

आता काकांचा तोल गेला. निवृत्तीनंतर त्यांना एवढा मोठा श्रोतृवृंद कधी मिळाला नव्हता. एका बेजबाबदार माणसापायी विमानभर माणसांची आयुष्यं अडून राहावीत, कुणाचं लग्न असेल, कुणाची परीक्षा असेल, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला.

"तो माणूस मिळेल तेव्हा मिळेल. आधी ती बॅग आम्हाला दाखवा. कसला गुंता आहे तो मी बघतो. दोरीतलं मला थोडंफार कळतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरलाही हायसं वाटलं. सगळे मिळून सुरक्षा कक्षाकडे निघाले. पुढे काका, छाती काढून.

कक्षाला काचेची भिंत होती. आत टेबलावर बॅग होती. तिच्याभोवती चार-पाच धट्टेकट्टे हमाल घाम पुसत उभे होते, एक जण बोटावर फुंकर घालत होता, आणि खाली कुत्रा झोपला होता. काकांनी बॅग पाहिली. त्यांनी ती आणखी एकदा पाहिली. रजईचा एक निळा कोपरा दोरीच्या वेढ्यातून बाहेर डोकावत होता. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्ता जे भाषण झालं त्यातला एकेक शब्द त्यांच्याकडे परत यायला लागला. बेजबाबदार. आयुष्यं अडून राहिली. त्यांना वाटलं की आता जमीन दुभंगावी आणि निदान वकीलसाहेबांना तरी पोटात घ्यावं.

तेवढ्यात बोटावर फुंकर घालणारा हमाल म्हणाला, "काय गाठ आहे साहेब. आम्ही सगळ्यांनी लटकून बघितलं. दोरी तुटेल पण ही हलणार नाही."

आणि इथे, लाजेने मान खाली गेलेल्या त्या अवस्थेत, काकांना हसू फुटलं. काही केल्या आवरेना. शरम आणि अभिमान दोन्ही एकाच वेळी एकाच चेहऱ्यावर मावत नाहीत, त्यामुळे त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला. "माझी आहे," ते म्हणाले. मग कुणीतरी मागून विचारलं की व्यापारी नाही का मग? काका वकीलसाहेबांकडे वळले आणि कळवळून म्हणाले की मी नाही ओळखली ते समजू शकतो, पण तुम्ही तर माझ्या मागेच उभे होतात, तुम्हीही कसं ओळखलं नाहीत.

वकीलसाहेब चांगलेच गोरेमोरे झाले. "गुंता म्हणाले हो ते," ते पुटपुटले. "गाठ म्हणाले असते तर मी लगेच उठलो असतो."

सुरक्षा अधिकारी मिशावाला, घोगऱ्या आवाजाचा माणूस होता. त्याला या कलेच्या चर्चेत रस नव्हता. बॅग तुमची असेल तर उघडा, तपासतो आणि विमान सोडतो, असं तो म्हणाला. काकांनी हात पुढे केले. आतला छोटा पेड चिमटीत धरायचा, वळवायचा, झालं. घरी त्यांनी शेकडो वेळा केलेलं. बोटं आत गेली. पेड सापडला नाही. हमालांनी ओढून ओढून तो कुठल्या कुठे आत नेला होता. काकांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं, नाही. कपाळावर घाम आला. काचेबाहेर आता सगळं विमान जमलं होतं आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. डावीकडून सोडवा म्हणे. थोडं तेल लावा म्हणे. एक बाई काचेवर टकटक करून आपल्या नवऱ्याला आत घ्या म्हणत होत्या, कारण तो बाटल्यांची झाकणं फार छान उघडतो.

काका जितका विचार करत होते तितकी बोटं लाकडासारखी होत होती. गाठ कुठून सुरू झाली तेच त्यांना आठवेना. ज्या गाठीला नाव द्यायचं होतं ती त्यांना ओळखच दाखवत नव्हती. असा तासभर गेला आणि कुणीतरी घाईघाईने आलं. किल्लीवाले साहेब बैठकीहून परतले होते. पेटी उघडली होती, दोन सह्या झाल्या होत्या, आणि एक मोठी कात्री तबकातून आणावी तशी आणली जात होती.

काका बॅगेच्या आडवे उभे राहिले. "कापू नका," ते म्हणाले. आवाज अगदी लहान निघाला. "पाच मिनिटं द्या."

अधिकाऱ्याने काचेबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. तिकडे दूरच्या त्या सभागृहात परीक्षा सुरू झाली असणार. वकीलसाहेब हळूच म्हणाले की कापली तर काय ते तुम्हाला माहीत आहे. काकांना माहीत होतं. त्यांना रडू येईल असं वाटायला लागलं, आणि त्यांनी पुन्हा दोरीत बोटं घातली.

तेव्हा काकू पुढे आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "निघताना टाकीची मोटर बंद केलीत ना?"

काकांनी वर न बघता विचारलं की ही काय वेळ आहे का विचारायची. काकू म्हणाल्या की वेळच आहे, आज मोटरची पाळी आपली होती, सकाळी चालू करताना मी तुम्हाला पाहिलं, बंद करताना पाहिलं नाही. काका म्हणाले, केली असेल. असेल म्हणजे काय, केलीत की नाही? अगं केली म्हटलं ना. नाही, तुम्ही 'असेल' म्हणालात. मागच्या वेळीही असेलच म्हणाला होतात आणि मास्तरांच्या भिंतीवरून पाणी उतरलं. आता मास्तरांची भिंत काढलीच आहेस, तर ती भिंत मुळात कुणी ओली केली ते सांगू का, गच्चीवरच्या झाडांना बादलीने पाणी कोण घालतं? माझी झाडं मध्ये आणू नका. मग माझी मोटर कशाला आणतेस, आणि तुझा भाऊ आला होता तेव्हा गीझर दोन दिवस चालू होता, तेव्हा एक शब्द तरी बोललीस का? माझ्या भावाचं नाव घ्यायचं काम नाही. घेणार, शंभरदा घेणार, त्याने आपल्या घरी येऊन...

"साहेब," हमाल म्हणाला.

काकांनी खाली पाहिलं. दोरी मोकळी होऊन टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबत होती. त्यांची बोटं अजूनही हवेत हलत होती, मेहुण्याचा हिशोब चुकता करत. रजई फुलून वर आली, आणि कुत्रा दचकून उठला.

काचेबाहेर जो गलका झाला तसा गलका काकांनी उभ्या आयुष्यात कधी स्वतःसाठी ऐकला नव्हता. माणसं टाळ्या वाजवत होती, अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. विमान सुटणार याचा तो आनंद असेल, पण काकांना त्याने काही फरक पडला नाही. घरी त्यांनी ती गाठ शेकडो वेळा सोडवली होती ती अशीच, टीव्हीसमोर, काकूंशी वाद घालत. बोटांना दुसरी सवयच नव्हती.

वकीलसाहेबांनी मात्र घसा साफ केला. ते म्हणाले की परीक्षक म्हणून मला बोलणं भाग आहे. गाठ चारचौघांसमोर बांधली गेली, मी पाहिली. परक्यांनी ओढली, इतकी कडक चाचणी मंडळाच्या इतिहासात झालेली नाही. नुसत्या हातांनी सुटली, तीही माझ्या डोळ्यांसमोर. पण नियम म्हणतो, एकट्याने. सौभाग्यवतींचा या कामी सहभाग झाला. ती मदत धरायची का, असा कायद्याचा प्रश्न आहे.

काकांचा चेहरा पडला. मॅनेजर काही बोलणार होता, पण त्याच्या आधी मिशावाला अधिकारी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मदत? वकीलसाहेब, तुमचं लग्न झालंय ना? माझी बायको असं बोलायला लागली की माझ्या हातून डब्याचं झाकण निघत नाही."

वकीलसाहेब विचारात पडले. त्यांच्या डोळ्यांसमोरून स्वतःच्या घरातली बरीच दृश्यं सरकत गेली असावीत, कारण त्यांचा चेहरा हळूहळू मवाळ होत गेला. मग त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि निकाल दिला की घोर अडथळा असतानाही सोडवली, गाठ पास, आणि तुमच्या नावाने पास. काकांनी नुसतं नाक ओढलं आणि चष्मा शोधला. चष्मा काकूंच्या हातात होता.

विमान सुटलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. बॅगेला आता विमानतळाने दिलेला पट्टा होता, आणि दोरी काकांच्या मांडीवर. आजूबाजूचे प्रवासी, ज्यांना दुपारी त्यांचा जीव घ्यावासा वाटत होता, ते आता ती दोरी हातात घेऊन बघत होते. सगळं शांत झाल्यावर काका काकूंच्या कानाशी म्हणाले, "मुद्दाम भांडलीस ना माझ्यासाठी? कळलं मला. तुझ्याइतकं मला कुणी ओळखत नाही."

"मुद्दाम?" काकू म्हणाल्या. "मी खरंच विचारत होते. मोटर बंद केलीत का?"

काकांनी पुन्हा 'असेल' म्हटलं, आणि सबंध सव्वा तास दोघांचं त्यावर चाललं. टाकी, मास्तरांची भिंत, झाडं, भाऊ, गीझर, सगळं पुन्हा क्रमाने. पण काका आज इतके खुशीत होते की भांडता भांडता मध्येच हसत होते, आणि काकूंनाही त्यामुळे नीट रागावता येत नव्हतं.

विमान उतरलं. काकूंनी आधी फोन चालू केला. मास्तरांचा निरोप होता की मोटर बंद आहे, भिंत कोरडी आहे, आणि विमानात दोन्ही बाजूंना खिडक्या असतात का ते आल्यावर सांगा. काकूंनी समाधानाचा सुस्कारा सोडला. आता सभागृहात जाऊन वकीलसाहेबांच्या तोंडून सगळ्यांसमोर निकाल ऐकायचा, एवढंच बाकी होतं. त्या उठल्या, पर्स उचलायला गेल्या, तर पर्स येईना. दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांड्याला काकूंच्या पर्सचा बंद आणि काकांच्या पिशवीचा बंद एकत्र बांधलेला होता, मधोमध, सुबक, पेड आत दडलेला. काकांच्या बोटांनी सव्वा तास काय केलं ते काकांना आत्ता कळलं. त्यांनी ओढून पाहिलं. गाठ आणखी घट्ट बसली.

मागे लोक उभे होते. पुढे वकीलसाहेब वळून, चष्मा वर करून बघत होते. हवाई सुंदरी वाकून विचारत होती की काका, काही मदत हवी आहे का.

"अगं," काका घाईघाईने म्हणाले, "बोल ना काहीतरी."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. दिवसभर घामाने भिजलेला त्यांचा सदरा, वाकडा झालेला चष्मा, आणि चेहऱ्यावर न मावणारा तो आनंद. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, आणि संसारात पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याला बोलायला काही म्हणता काही सुचेना.